आठे बस

वाईच्या घाटावर वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलास एकदम तळोद्याच्या शाळेंत नेऊन बसविलें, तर त्याची काय अवस्था होते, हें वडील मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. बदलीचा हुकूम वडिलांच्या नांवें निघतो. बदली मात्र मुलाचीहि होते.

आमची बदली १९६८ च्या जूनमध्यें झाली. सातपुड्याच्या पायथ्याचें हें गांव त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत मोडे. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. मी पांचवींत होतों. रामरक्षा मुखोद्गत, अमरकोशाचा स्वर्गवर्ग पाठ, आणि एवढ्या भांडवलावर आपण कोणी तरी आहों असा समज! पहिल्याच दिवशीं माझें बोलणें ऐकून वर्ग खदखदां हंसला. मुलांची अहिराणी मला कळेना. मी रडकुंडीस येऊन भिंतीशीं उभा राहिलों. तेव्हां शेवटच्या तरटपट्टीवरील, बिनगुंडीच्या सदऱ्यांतला एक मुलगा जरासा सरकला व म्हणाला, "आठे बस." आठे म्हणजे येथें. अहिराणीचा माझा पहिला पाठ तो.

तो भिल्लाचा मुलगा. घरीं भिली, मुलांत अहिराणी, मास्तरांपुढें मराठी, अशा तीन भाषा त्यास बोलाव्या लागत; मला एकच येई. तरी हुशार मी ठरलों, याची आज मौज वाटते. मी त्यास जोडाक्षरें शिकवीं, तो मला गोफणीचा नेम. आमच्या ओसरीवर आजी त्याला लाडू देई. पाणी मात्र वरून, ओंजळींत. तो निमूटपणें पिई.

दसऱ्याच्या सुटींत त्यानें मला आपल्या पाड्यावर नेलें. दीड कोस चाल, वर आश्विनाचें ऊन. त्याच्या आईनें तांब्या पुढें केला. मी म्हणालों, "तहान नाहीं." तो कांहींच बोलला नाहीं. मला पोंचवावयास निघाला, तों वाटेंत ओढा लागला. तेथें वांकून मी घटाघटा पाणी प्यालों. डोकें वर केलें तेव्हां तो काठावर उभा राहून माझ्याकडे पाहात होता.

दिवाळीनंतर शाळा उघडली, तरटपट्टीवरील त्याची जागा रिकामी. मुकादमाची उचल घेऊन घरची सारीं माणसें बारडोलीच्या बाजूस ऊंसतोडीला गेलीं होतीं. मोठीं माणसें कोयता चालवीत. मुलें मोळ्या ओढीत व धाकट्यांस संभाळीत. हजेरीच्या पटावरून मास्तरांनीं त्याचें नांव कमी केलें. मला त्याची क्षमा मागावयाची होती, पण ती कोणाजवळ मागणार?

वैशाख सरतां सरतां मंडळी परतल्याचें कळलें. घरीं न सांगतां मी एकटाच पाड्यावर गेलों व दारांतूनच म्हणालों, "माय, पानी दे." तो आंतून खो खो हंसला. माझ्या उच्चारास हंसला कीं आणखी कशास, हें मीं विचारलें नाहीं. तांब्या रिकामा केला. त्याच्या बोटांवर पाचटानें कापल्याचे वण होते.

पुढें मीहि मास्तर झालों. दिवाळीनंतर अशीं रिकामीं होणारीं तरटें पुष्कळ पाहिलीं. आतां हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मागें राहिलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गांत घेतां येतें. आम्हांस हीं दोन्ही उशिरां मिळालीं.

कारण त्या जूनमध्यें मी सहावींत गेलों, आणि तो शाळेंत आला तो धाकट्या भावास पहिलींत घालण्याकरितां. आमच्या वर्गाच्या दाराशीं तो क्षणभर थबकला. मी सरकून जागा केली व म्हणालों, "आठे बस."

त्यानें मान हलविली. भावाचें बोट धरलें, आणि तो पहिलीच्या वर्गाकडे गेला.