गोष्टीच्या तासाला डफाची साथ

ग्रंथालय म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम येते ती 'शांतता राखा' ही पाटी. मोठ्यांच्या वाचनकक्षात ती हवीच. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाला त्या पाटीखाली बसवून पुस्तकाची गोडी कशी लागणार? आपल्यातील कित्येक घरांत कामावरून दमून आलेल्या आई-वडिलांना रात्री पुस्तक वाचून दाखवणे जमत नाही. अशा मुलाची पुस्तकाशी पहिली भेट वाचनालयातच व्हायची असते. ती कंटाळवाणी झाली, तर ते मूल पुन्हा येत नाही. बँकेची नोकरी सांभाळून दर रविवारी एका छोट्या वाचनालयात गोष्टी सांगताना मी हे पाहिले आहे.

कोल्हापूरला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. कोल्हापूर संस्थानाने मात्र असा कायदा १९४५ सालीच केला होता. शाहिरीची परंपराही येथे तेवढीच जोमदार आहे. या दोन परंपरा मुलांसाठी एकत्र आणाव्यात, एवढेच या लेखाचे सांगणे.

गोष्ट आणि गाणे यांची संगत आपल्याकडे जुनीच आहे. पाली जातकांचेच उदाहरण घ्या. या ५४७ कथांत गद्य निवेदनामध्ये गाथा येतात, आणि त्या गाथा हाच त्यांतील मूळ भाग मानला जातो. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळीचे ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून, वाद्यांच्या साथीने कथा गातात. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रांचे पुस्तक उघडून मुलांना गोष्ट सांगणे याहून वेगळे ते काय? सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत विचार पोहोचवला, तोही ढोलकी आणि गाण्याच्या आधारे. लहान मूल हेही अक्षरओळख नसलेलेच श्रोते असते.

संगीताने नेमके काय होते? पहिली गोष्ट म्हणजे पालुपद. पोवाड्यात शाहीर थांबतो आणि मागचे झीलकरी सूर धरतात. मुलांना झीलकरी केले की आपली पाळी कधी येते याकडे त्यांचे कान लागतात, म्हणजेच ती गोष्ट लक्षपूर्वक ऐकतात. दुसरी गोष्ट, टाळी देत शब्द म्हटला की त्याचे तुकडे कानाला जाणवतात. 'पा-ख-रू' या शब्दाला तीन टाळ्या. शब्दातील आवाज असे सुटे ऐकू येऊ लागले की पुढे अक्षर ओळखणे सोपे जाते. तिसरी गोष्ट, चालीवर म्हटलेले लवकर पाठ होते, आणि मूल ते घरी जाऊन आजीला ऐकवते.

मी संमोदमान जातकातील लाव्यांची गोष्ट घेतो. पारधी लाव्यांचा आवाज काढून त्यांना फसवतो. येथे बासरीचे दोन-तीन सूर पुरतात. जाळे पडते, तेव्हा डफावर एक थाप आणि मग शांतता. सर्व लावे मिळून जाळे उचलतात, तेव्हा मुले एका ठेक्यात टाळ्या वाजवतात आणि डफ चढत जातो. पुढे लाव्यांत भांडण होते. मग मी अर्ध्या मुलांना संथ आणि अर्ध्यांना जलद टाळी द्यायला सांगतो. ठेका मोडतो. जाळे का उचलले गेले नाही, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

यात माझी एक चूक सांगतो. पहिल्या खेपेस मी हार्मोनियम, तबला आणि ध्वनिक्षेपक असा सगळा थाट केला. मुले खूश झाली, पण गोष्ट कोणाची होती हे एकालाही सांगता आले नाही. दोन लहानगी तर आवाजाला घाबरून रडली. तेव्हापासून काही पथ्ये पाळतो. वाद्य एकच, फार तर दोन. ध्वनिक्षेपक नाही. निवेदन चालू असताना वाद्य बंद. पुस्तक सर्वांना दिसेल असे उघडे. गोष्ट पंधरा-वीस मिनिटांची. शेवटी दोन मिनिटे मुलांनी वाद्य हाताळायचे आणि मग तेच पुस्तक घरी न्यायचे. पुस्तक कपाटात कुलूपबंद राहिले, तर सगळी मेहनत वाया जाते.

यासाठी खर्च फारसा नाही. डफ किंवा ढोलकी वाजवणारा तरुण प्रत्येक वस्तीत असतो. तो नसेल तर टाळ्या आहेत, पत्र्याचा डबा आहे. डॉ. बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आपण जाणतोच. त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे मात्र आपल्या विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. ग्रंथ आणि सूर यांचे वैर नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार जरी आपल्या वस्तीतील वाचनालयाला दिला, तरी तेथील मुलांना पुस्तकाच्या कपाटापर्यंत हाताला धरून नेण्याची गरज उरणार नाही. ती आपणहून येतील.