परदेशाच्या उंबरठ्यावर

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्या वाटेत अडचणींचे डोंगर उभे होते. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणारे लोक होते. विवाहित स्त्रीने एकटीने परदेशी जावे याला नावे ठेवणारे होते. पैशाची ओढाताण तर होतीच. एक अडचण मात्र नव्हती. अमेरिकेच्या कोणत्याही कचेरीच्या दाराशी उभे राहून ‘मला आपल्या देशात येऊ द्यावे’ असा अर्ज त्यांना करावा लागला नाही. त्या काळी अमेरिकेत प्रवेश करण्यासाठी व्हिसा लागत नसे. आज चित्र अगदी पालटले आहे. आई मुलीकडे परदेशी निघाली तर घरात कोणी हरकत घेत नाही, शेजारी कौतुक करतात, खर्चाचीही तोंडमिळवणी होते. आणि सगळे जमून आल्यावर गाडी अडते ती एका कागदापाशी. त्या कागदाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

पारपत्र आणि व्हिसा हे दोन शब्द आपण एकाच श्वासात उच्चारतो. पण त्या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. पारपत्र म्हणजे पासपोर्ट. तो आपला देश आपल्याला देतो. भारतीय पारपत्र उघडून पाहिले, तर त्यात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने केलेली एक विनंती छापलेली आढळेल. या पारपत्राच्या धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे आणि गरज पडेल तेव्हा त्यास साहाय्य व संरक्षण द्यावे, असा तिचा आशय. म्हणजे पारपत्र ही विनंती होय. तिला दुसऱ्या देशाने दिलेले उत्तर म्हणजे व्हिसा. ‘व्हिसा’ हा शब्द मूळ लॅटिन. ‘पाहिलेला, तपासलेला कागद’ असा त्याचा अर्थ.

हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की पारपत्राच्या बाबतीत नागरिकाला हक्क आहे. परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात एप्रिल १९६७ मध्ये दिला आणि त्याच वर्षी पारपत्रांचा कायदा झाला. सरकारने पारपत्र नाकारले, तर कायद्यात सांगितलेले कारण दाखवावे लागते. व्हिसाचे तसे नाही. परक्याच्या घरात शिरण्याचा हक्क आपल्याला नसतो. आपला देशही पाहुण्यांच्या बाबतीत हाच नियम पाळतो. आपल्याकडे परदेशी नागरिकांसाठी १९४६ चा कायदा दीर्घकाळ चालू होता. त्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली.

नियम देशागणिक वेगळे असतात. नेपाळला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा मुळीच लागत नाही. अन्यत्र तो मिळविण्यासाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागते. म्हणून सगळ्यांचा गोषवारा देण्यापेक्षा एकच उदाहरण घेऊ, ज्याच्याशी आपल्यापैकी अनेकांचा संबंध येतो. ते म्हणजे युरोपातील शेंगेन क्षेत्र.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. १४ जून १९८५ रोजी तेथे नदीतल्या एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला. पुढे एकेक देश त्यात सामील होत गेला. जानेवारी २०२५ मध्ये बल्गेरिया आणि रुमानिया यांचा प्रवेश पूर्ण झाल्यावर ही संख्या २९ झाली. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघाचे सभासद नाहीत, तरी ते या क्षेत्रात आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. त्यामुळे पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला परतणाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा निराळा घ्यावा लागतो, आणि शेंगेनचा व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा लागतो. हे न पाहिल्यामुळे लंडनमध्येच अडकून पडण्याची वेळ येऊ शकते.

वाड्यात २९ बिऱ्हाडे असावीत, आतली दारे सताड उघडी असावीत आणि दिंडी दरवाजावर मात्र कडक पहारा असावा, तशी ही व्यवस्था. एकदा आत आलेला माणूस कोणत्याही बिऱ्हाडात जाऊ शकतो, म्हणून दरवाजावरची चौकशी बारकाईने होते. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जेथे आपला मुक्काम सर्वांत जास्त दिवसांचा, त्याच्याकडे. मुक्काम सारखेच असतील तर जेथून प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे. जेथे व्हिसा लवकर मिळतो असे ऐकले तेथे अर्ज करून दुसरीकडेच राहावयास जाणे नियमात बसत नाही.

अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत केव्हाही करता येतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस आणि कारणपरत्वे पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. तेव्हा शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहू नये. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत असावी आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. आजारपणाच्या खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. बारा वर्षांवरील अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेतले जातात. ते ५९ महिने पुन्हा उपयोगात आणता येतात.

याखेरीज कागदांची एक यादी असते. बँकेचे उतारे, उत्पन्नाचा दाखला, नोकरी असेल तर रजेचे पत्र, मुक्कामाची व्यवस्था, यजमानाचे निमंत्रण. ही यादी पाहून आपण गोंधळतो, कारण हे सारे कशासाठी, हे कोणी सांगत नाही. वास्तविक या साऱ्या कागदांतून तीनच प्रश्न विचारलेले असतात. तुम्ही कशासाठी येता? तेथील खर्च कोण करणार? आणि तुम्ही परत जाणार ना? या तिन्हींत तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. घर, नोकरी, निवृत्तिवेतन, शेती, वृद्ध आईवडील हे सारे त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हे न कळल्यामुळे काय घडते, ते माझ्या घरातच मी पाहिले. इंदूरला माझी एक मावसबहीण असते. माझ्याहून बरीच वडील. आम्ही सारे तिला ताई म्हणतो. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली. तिची एकुलती एक मुलगी युरोपात नोकरीला. मुलीचे पहिले बाळंतपण, जावयाची रजा तुटपुंजी. तेव्हा ताईने जायचे ठरले. ताईचे पेन्शनचे खाते साधेसुधे. दरमहा रक्कम जमा व्हायची, घरखर्च वजा जाता थोडीफार शिल्लक राहायची. पुतण्याला वाटले, एवढ्याशा शिलकीवर साहेब व्हिसा कसा देणार? त्याने प्रेमापोटी आपले चार लाख रुपये अर्जाच्या आठवडाभर आधी काकूच्या खात्यात भरले. कोणा माहितगाराच्या सल्ल्याने एका हॉटेलातील खोलीही कागदोपत्री राखून ठेवली, आणि मुलीकडे राहणार ही गोष्ट अर्जात आलीच नाही.

अर्ज नामंजूर झाला. उत्तराबरोबर छापील कारणांचा कागद होता आणि त्यात दोन चौकटींवर खुणा होत्या. प्रवासाचा हेतू पुरेसा स्पष्ट होत नाही, ही एक. आणि मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याविषयी शंका वाटते, ही दुसरी. ताई दोन दिवस जेवली नाही. चाळीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून शिकविलेल्या बाईला कोणीतरी लेखी कळविले होते, की तुमच्या बोलण्यावर आमचा विश्वास बसत नाही.

मीही सरकारी कचेरीत मेजाच्या पलीकडच्या बाजूस बसणारा माणूस आहे. फाइल हातात आली, की समोर माणूस नसतो, कागदच असतात. आणि कागद जेवढे बोलतात तेवढेच ऐकू येते. त्या दृष्टीने मी तो अर्ज पुन्हा वाचला, तेव्हा चूक कोणाची ते उघड दिसले. पेन्शनीत भागविणाऱ्या स्त्रीच्या खात्यात अचानक चार लाख कोठून आले? ज्या शहरी तिचे कोणीही असल्याचे लिहिलेले नाही, तेथे साठी उलटलेली बाई एकटी अडीच महिने हॉटेलात कशासाठी राहणार? शंका आमच्याच कागदांनी उत्पन्न केली होती.

नामंजुरीविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग त्या कागदातच नमूद असतो. पण नव्याने अर्ज करण्यासही मनाई नसते. आम्ही दुसरा मार्ग धरला. पुतण्याचे पैसे परत केले. मुलीने निमंत्रणाचे साधे पत्र लिहिले आणि सोबत आपल्या वेतनाचे व घराचे कागद दिले. काही देशांत, उदाहरणार्थ जर्मनीत, यजमानाला तेथील परकीय नागरिकांच्या कचेरीत जाऊन पाहुण्याच्या खर्चाची रीतसर हमी लिहून देता येते. सर्व देशांत ही पद्धत नसते, पण यजमानाच्या उत्पन्नाला महत्त्व सर्वत्र असते. ताईने एका पानावर लिहिले, की मुलीच्या बाळंतपणासाठी जाते आहे, पूर्वीच्या अर्जात हे सांगितले नव्हते ती चूक झाली, इंदूरला माझे घर आहे, पेन्शन आहे, आणि नव्वदीच्या सासूबाईंना मी तीन महिन्यांपलीकडे सोडून राहू शकत नाही. व्हिसा मिळाला. मात्र मधल्या काळात बाळंतपण होऊन गेले होते. ताई पोहोचली तेव्हा नात दोन महिन्यांची झाली होती, आणि पहिले ते अवघड दिवस मुलीने एकटीने काढले होते. परत आल्यावर ताई मला म्हणाली, “अरे, मी परत येणार, हे माझ्या पासबुकानं त्यांना सरळ सांगितलं असतं. आपणच त्याला खोटं बोलायला लावलं.”

व्हिसा हाती आला म्हणजे सारे संपले, असेही नाही. त्याची एक गणिती बाजू आहे. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवसच राहता येते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. समजा, कोणी १ मार्चला पोहोचले. मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ९० दिवस होतात. म्हणजे २९ मेला निघालेच पाहिजे. मग ‘एक दिवस बाहेर जाऊन येते आणि पुन्हा ९० दिवस राहते’ असे चालेल काय? नाही. प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजावयाचे असतात. त्या हिशेबाने व्हिसाची मुदत शिल्लक असली तरी पुन्हा प्रवेश २८ ऑगस्टपासून मिळेल. पूर्वी हा हिशेब पारपत्रावरील शिक्के पाहून करीत. ऑक्टोबर २०२५ पासून छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन यंत्रात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. यंत्राला बेरीज चुकल्याची सबब सांगता येत नाही. नियम पाळणाऱ्याचा लाभही आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी अशी सवलत आहे, की तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते योग्य रीतीने वापरले असतील, तर पुढे सामान्यतः दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो.

आणखी एक गोष्ट. व्हिसा असला तरी प्रवेशाचा हक्क मिळतोच असे नाही, असे त्यांच्या संहितेतच म्हटले आहे. विमानतळावरचा अधिकारी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारू शकतो. म्हणून निमंत्रणपत्र, विमा आणि परतीचे तिकीट सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावे, आणि विचारले तेवढेच शांतपणे सांगावे.

ही व्यवस्था सर्वांना सारखे लेखते, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेचा किंवा जपानचा नागरिक याच देशांत अल्प मुदतीसाठी व्हिसावाचून जातो आणि ताईसारख्या स्त्रीला आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा जोडावा लागतो. ही विषमता बोचते आणि बोचावीही. ती दूर करणे हे राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींचे काम आहे. एकट्यादुकट्या अर्जदाराच्या हाती ते नाही. त्याच्या हाती आहे ते एवढेच, की आपले खरे जीवन जसे आहे तसे कागदावर उतरवावे. परक्या दाराशी उभे राहताना आपल्याजवळ दाखविण्यासारखे सर्वांत मोठे धन म्हणजे मागे ठेवलेले घर. ते लहान असले तरी हरकत नाही. आपले असावे, आणि आपण त्याविषयी खरे बोलावे.