मूर्तीला रंग कसा द्यावा

रायगड जिल्ह्यातले पेण गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतही मूर्तींचे कारखाने आहेत. तेथे कितीतरी बायामाणसे रंगकामावर पोट भरतात.

साच्यातून मूर्ती लवकर निघते. खरे कसब पुढे, रंगात आहे. रंग बिघडला तर गिऱ्हाईक मूर्ती हातात घेते आणि परत ठेवते. माती आणि मेहनत दोन्ही वाया! म्हणून रंगाची रीत शिकून घ्यावी. ती अवघड नाही. तिला क्रम आहे, तेवढा पाळावा.

शाडूची मूर्ती आधी सावलीत पुरती वाळू द्या. कडक उन्हात ठेवली तर ती तडकते. ओल राहिली तर रंगाचे पापुद्रे निघतात. वाळल्यावर काचकागदाने हलक्या हाताने घासा. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडून टाका.

अंगण सारवल्यावाचून रांगोळी उठत नाही. तसेच मूर्तीलाही आधी पांढरा हात द्यावा लागतो. खडूची पूड पाण्यात कालवा. डिंक रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून त्यात घाला. रंग ताकासारखा पातळ असावा. एक जाड हात देऊ नका, दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा द्या. कच्ची माती पाण्याने विरघळते, म्हणून कुंचला निथळून घ्या.

वाळल्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला. रंग तडकला तर डिंक जास्त झाला.

आता रंग कोणते घ्यावेत? गेरू, पिवळी माती, खडू, काजळ हे चांगले. शेंदूर, हिंगूळ आणि हरताळ मात्र घेऊ नका. जुन्या रीतीच्या शेंदरात शिसे असते, हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल असतो. तिन्ही विषारी. शिसे तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. विसर्जनानंतर हेच विष पाण्यात उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाचे नियम नव्याने काढले. विषारी रंग वापरू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

आणखी एक वाईट खोड असते. टोक काढायला काही जण कुंचला ओठांत धरतात. असे कधीही करू नका. टोक ओल्या फडक्यावर काढावे. रंगाचे हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. बाजारचा डबा घेतलात तर आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा त्यावरचा मजकूर वाचा.

अंगाचा रंग करायला पांढऱ्यात थोडी पिवळी माती आणि चिमूटभर गेरू घाला. वाळल्यावर रंग बदलतो, म्हणून आधी खापरीवर लावून पाहा. सगळ्या मूर्तीला पुरेल इतका एकदम कालवा. दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. आधी अंग, मग पीतांबर आणि शेला, मग दागिने. आधी फिकट रंग, मागून गडद. वस्त्राच्या चुणीत थोडा गडद रंग भरला की चुणी उठून दिसते.

डोळे सर्वांत शेवटी. या कामाला आखणी म्हणतात. बारीक कुंचला घ्या आणि करंगळी टेकवून हात स्थिर करा. दोन्ही डोळ्यांत पांढरा रंग भरा. तो वाळला की दोन्हींच्या वरच्या रेघा काढा. मगच दोन्ही बुबुळे काढा. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे गेलात तर नजर तिरपी होते. मूर्ती आरशात पाहा, तिरपेपणा लगेच कळतो. रेघ चुकली तर ओली असताना पुसू नका, डाग पसरेल. वाळू द्या, वर पांढरा लावा आणि पुन्हा काढा.

हात बसेपर्यंत पोळ्याचे मातीचे बैल रंगवून पाहा, बरं का. अक्षराला वळण कसे आले? गिरवून गिरवूनच ना? कुंचल्याचेही तसेच आहे.