अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बालकुमारांच्या फुटबॉल खेळाची स्वयंसेवी संघटना. ती १९६४ साली कॅलिफोर्निया राज्यातील टॉरन्स परिसरात नऊ संघांनिशी स्थापन झाली. नोंदणी सर्वांना खुली असावी, संघ तुल्यबळ असावेत व प्रत्येक मुलास निदान अर्धा सामना खेळावयास मिळावा, ही तिची प्रमुख तत्त्वे होत. मार्गदर्शक, पंच व स्थानिक व्यवस्थापक ही कामे मुख्यत्वे पालक विनावेतन करतात. त्यामुळे नोंदणी वाढली, की प्रत्येक नव्या संघासाठी पालकांतूनच मार्गदर्शक मिळवावा लागतो. तो न मिळाल्यास मुलांना प्रतीक्षायादीत राहावे लागते किंवा संघ फुगून प्रत्येकाचा खेळण्याचा वेळ घटतो. शिवाय मूल मोठे होऊन खेळ सोडते, तेव्हा अनुभवी पालकही बहुधा निवृत्त होतो. म्हणून नवागत पालकांना प्रशिक्षण देणे व कामांची लहान वाट्यांत विभागणी करणे, यांवर अशा संघटनेची वाढ अवलंबून असते.