जनरेटर भंगारात घालायच्या आधी

लाईट गेली, मिल्किंग मशीन थांबलं, म्हणून शेडमधला छोटा पेट्रोल जनरेटर काढला, तर दोरी ओढून हात दुखला तरी सुरू होईना. भंगारवाल्याला लगेच बोलावू नका.

इंजिनच सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा दोष जुन्या पेट्रोलचा असतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसतो. टाकी रिकामी करा, कार्बोरेटर साफ करून घ्या, प्लग बदला. इंजिन चालतंय पण बल्ब लागत नाही? मग एव्हीआर किंवा कपॅसिटर तपासा. हे खर्च किरकोळ.

दोरी अगदीच हलकी ओढली जात असेल किंवा वाइंडिंग जळल्याचा वास येत असेल, तर काम मोठं. मिस्त्रीकडून आकडा लिहून घ्या. तसलाच चालू जुना जनरेटर जेवढ्याला मिळतो, त्याच्या निम्म्यावर खर्च जात असेल तर माझं मत, दुरुस्ती नको. पण वजनावरही देऊ नका. दोष सांगून गॅरेजवाल्याला विका, त्याला सुटे भाग लागतातच. वाइंडिंग तांब्याचं असेल तर भाव वाढवून मागा.

विहिरीवरची ३ एचपीची मोटार चालवायला घेतला होता का? सुरू होताना मोटार कित्येक पट करंट घेते. २ केव्हीएचा जनरेटर दुरुस्त करूनही ती ओढणार नाही.

आणि हो, मिस्त्रीकडे नेताना टाकीतलं पेट्रोल आधी काढा.