यंत्र ‘नाही’ म्हणते तेव्हा

दिवाळीची खरेदी आटोपून दुकानदाराला फोनवरून पैसे द्यावेत, पडद्यावर चक्र गरगर फिरत राहावे आणि शेवटी अक्षरे उमटावीत, ‘काही तरी चुकले. पुन्हा प्रयत्न करा!’ हा अनुभव हल्ली कोणत्या कुटुंबाला नाही? पैसे गेले की राहिले, पुन्हा पाठवले तर दोनदा जातील की काय, या विवंचनेत गृहस्थ उभा आणि मागे रांग वाढत चाललेली! चुका यंत्राच्याही होतात. पण झालेली चूक नीट न सांगणे, हा मात्र यंत्र घडवणाऱ्या माणसाचा दोष.

तीन दालनांची कचेरी

ज्याला वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणतात, ती तीन दालनांची कचेरीच समजा. पहिल्या दालनात खिडकीवरचा कारकून. आपल्याला पडद्यावर दिसतो तो हाच. अगदी आत दप्तरखाना. तिथे डेटाबेसच्या वह्या. या दोहोंच्या मध्ये बसतो हिशेबनीस. संगणकवाले या दालनाला ‘बिझनेस लेयर’ म्हणतात. खात्यात शिल्लक किती हवी, एकच आसन दोघांना द्यायचे नाही, हे व्यवहाराचे सारे नियम त्याच्यापाशी.

या हिशेबनिसाचे ‘नाही’ दोन जातींचे असते. ‘शिल्लक अपुरी आहे’ हा झाला नकार. यात यंत्र शाबूत असते, ते नियमानेच अडवते आणि ग्राहकाला उपायही सांगता येतो. दप्तरखान्याची तार तुटली, वही उघडेना, हा झाला बिघाड. त्यात ग्राहकाने करण्यासारखे काही नसते. दोन्हींना ‘काही तरी चुकले’ या एकाच वाक्यात गुंडाळणे म्हणजे तापावर आणि मोडलेल्या हाडावर एकच काढा देणे!

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने 2016 मध्ये चूक कशी कळवावी याचा नमुनाच घालून दिला. त्यातले उदाहरण मोठे बोलके आहे: शिल्लक 30, वस्तूची किंमत 50, म्हणून पैसे अपुरे. किती सरळ!

हिशेबनिसाची पथ्ये

चांगल्या हिशेबनिसाला चार पथ्ये सांभाळावी लागतात. पहिले, दप्तरखान्यातली भाषा जशीच्या तशी खिडकीवर जाऊ द्यायची नाही. ग्राहकाला ती कळत नाही, चोराला मात्र तीवरून कुलपाची ठेवण कळते. दुसरे, ती तक्रार गिळूनही टाकायची नाही. सगळा तपशील आतल्या नोंदवहीत लिहायचा आणि ग्राहकाला नोंदीचा क्रमांक द्यायचा. तिसरे, काम अर्धवट सोडायचे नाही. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, तर पहिली नोंदही रद्द करायची. चौथे, तेच चलन पुन्हा पुढे आले, तर ‘हे मघाशीच जमा झाले’ म्हणून ओळखायचे.

चोर सोडून संन्याशाला फाशी

हे चौथे पथ्य मोडले तर काय होते, ते ब्रिटनच्या पोस्टातील ‘होरायझन’ या संगणकव्यवस्थेत दिसले. 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथे 8,000 पौंडांची रोकड जमा दाखवताना पडदा जागचा हलेना, म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली. यंत्राने तीच रक्कम चार वेळा जमा धरली. हिशेबात 32,000 आणि हातात 8,000! कधी पडलीच नव्हती अशी 24,000 पौंडांची तूट उभी राहिली. पुढे हा संगणकाचाच दोष ठरला.

इतर कित्येकांचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. 1999 ते 2015 या काळात होरायझनच्या आकड्यांवर विसंबून 900 हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घरदार गेले. संगणकातल्या दोषांमुळे खोट्या तुटी दिसू शकत होत्या, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने 2019 च्या डिसेंबरात दिला आणि 2024 मध्ये पार्लमेंटने कायदा करून शेकडो जणांची दोषसिद्धी रद्द केली. ‘बिघाड माझा’ असे सांगायच्या जागी यंत्र ‘तूट तुझी’ असे सांगत राहिले आणि माणसांनी त्यावर विश्वास ठेवला!

म्हणून वाचकहो, ‘काही तरी चुकले’ ही अक्षरे दिसली की कळ पुन्हा दाबण्याची घाई करू नका. आधी खाते पाहा, व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवा. यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम खात्यातून वजा झाली पण त्याला पोचल्याची खूण मिळाली नाही, तर ती व्यवहारानंतर 5 दिवसांत परत जमा व्हावी आणि त्यापुढील विलंबाला दररोज 100 रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने 2019 च्या सप्टेंबरात ठरवून दिले आहे.

आणि आपल्या घरातला कोणी मुलगा किंवा मुलगी संगणकाचे शिक्षण घेत असेल, तर फराळाच्या वेळी एवढे कानावर घाला: बाळांनो, खिडकीपलीकडे माणूस उभा असतो. चूक कोणाची, हे त्याला खरे खरे सांगा.