परदेशी सौदा पक्का कधी होतो?

समजा, गोव्यातील एका काजू कारखानदाराने हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याला ई-मेलने काजूगराचा भाव कळवला आणि ‘हा भाव महिनाअखेरपर्यंत कायम’ असे लिहिले. पंधरवड्यातच बाजार वधारला. समोरून होकार येण्याआधी त्याला भाव मागे घेता येईल का?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार साधारणतः येईल. मुदत खुली ठेवण्यासाठी वेगळा मोबदला घेतला नसेल, तर स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव रद्द करता येतो. आंतरराष्ट्रीय माल विक्रीसंबंधीच्या व्हिएन्ना कराराचे (१९८०) उत्तर मात्र सामान्यतः ‘नाही’ असे आहे. प्रस्तावात स्वीकृतीची मुदत घालून तो कायम राहील असे दर्शवले असेल, तर त्या मुदतीत माघार नाही.

भारत या कराराचा सदस्य नाही, जर्मनी आहे. तरीही सौद्यात ‘जर्मन कायदा लागू राहील’ असे कलम असेल आणि व्हिएन्ना करार वगळलेला नसेल, तर जर्मन कायद्याचाच भाग म्हणून तो लागू होतो. म्हणून हे एक वाक्य सहीपूर्वी बारकाईने वाचणे अगत्याचे ठरते.

या करारानुसार माल, त्याचे परिमाण व किंमत निश्चित असलेला, विशिष्ट व्यक्तीला उद्देशून केलेला आणि बांधील राहण्याचा हेतू दर्शवणारा देकार म्हणजे प्रस्ताव. सर्वांना पाठवलेले दरपत्रक हे सहसा केवळ निमंत्रण असते. होकार प्रस्तावकापर्यंत पोहोचला की सौदा पक्का होतो; लेखी दस्तऐवजाची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. निव्वळ मौन म्हणजे संमती नव्हे. मात्र पूर्वापार व्यवहाराच्या रीतीनुसार माल रवाना करणे किंवा पैसे भरणे, ही कृतीही स्वीकृती ठरू शकते.

‘मान्य, पण रक्कम ६० दिवसांनी’ असे उत्तर आले, तर तो होकार नसून प्रतिप्रस्ताव होय. किंमत, रक्कम देण्याची पद्धत, दर्जा, परिमाण, पोहोचवण्याचे स्थळ व वेळ, जबाबदारीची मर्यादा आणि तंटा सोडवण्याची रीत यांतील बदल महत्त्वाचे मानले जातात. किरकोळ बदलांवर विनाविलंब हरकत घेतली नाही, तर ते सौद्याचा भाग बनतात.

तेव्हा असे उत्तर हाती पडताच न वाचता माल जहाजावर चढवणे, म्हणजे समोरच्याच्या अटींना मान डोलावण्यासारखे ठरू शकते.